तीन दिवसांचा काळा रंग

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. याच्या आधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, पण तुम्हाला खोटं लगेच कळतं आणि मला शाई फुकट घालवायची नाही.

तुमचा पत्ता मैदेवाल्याने दिला. त्याच्यावर चिडू नका, मी त्याला चांगलं दहा मिनिटं पिडलं तेव्हा कुठे बोलला. फोनचा नंबर तुम्ही बदललात, म्हणून हे पत्र. काम एवढंच आहे की मला काळ्या आयसिंगची कृती हवी आहे. तुमची. ती तुमच्या वहीत होती आणि जाताना तुम्ही वही नेलीत. मागे ठेवलंत काय, तर केक फिरवायचं टेबल, तेही फिरताना कुरकुरतं.

ऑर्डर बुद्धिबळ क्लबची आहे. अठ्ठावीस तारखेला त्यांची वार्षिक स्पर्धा. चौसष्ट घरांचा पट करायचाय, बत्तीस पांढरी, बत्तीस काळी. क्लबच्या अध्यक्षीणबाई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत, एकदम कडक. बाटलीतला रंग चालणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे बाटलीतला रंग दुकान उघडल्यापासून आलेला नाही, सगळं फळांचं नि भाज्यांचं. तर म्हणाल्या, चारकोलही नको, ती कोळशाची काळी पूड. का नको ते लांबलचक आहे, तुम्हाला त्यात पडायचं कारण नाही.

बिटाचा गुलाबी, पालकाचा हिरवा, हळदीचा पिवळा मी आता डोळे मिटून करते. काळाच तेवढा तुम्ही मला कधी दाखवला नाहीत. काळा करायचा असला की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचात.

गेल्या मार्चचं मी काही उकरून काढणार नाही. तुमच्या भावाला सकाळी सातची फिटची गोळी द्यायचं काम तुमचं होतं. नऊ वर्षं फिट आली नव्हती आणि ती तुम्ही गोळ्या देत असतानाच आली. ते जिन्यावरून कोसळले, जबडा गेला, मांडीचं हाड गेलं, गाडी शिकवायची नोकरी गेली. त्यांनी तुम्हाला जा म्हटलं, तुम्ही गेलात. ते तुम्हा बहीणभावातलं. मला जे बोलायचं होतं ते मी तेव्हाच बोलले. आता माझ्या मनात काही नाही. माणसाने मन मोठं ठेवावं.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरी नको. घरचं टपाल ते उघडतात.

कळावे. लोभ कधी नव्हता, तेव्हा तो मागत नाही.

तुमची भावजय

९ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. दोन ओळी. "काळा रंग एका दिवसात होत नाही. घाईबाईंना तो जमायचा नाही."

पाकिटाला काय धाड भरली होती? पोस्टमनने वाचलं. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि चेहरा साधा ठेवून विचारलं, "घाईबाई कोण हो इथे?" दोन गिऱ्हाइकं उभी होती. तुमचा हात एवढ्या लांबवर पोहोचतो याचं मला कौतुकच वाटलं.

घाईबाई. लग्न होऊन आले त्या आठवड्यात ठेवलंत हे नाव. का, तर मी केक गरम असताना त्यावर क्रीम लावलं आणि ते ओघळलं. एकदा. त्यानंतर दोन वर्षं क्रीमची नक्षी काढायची पायपिंग बॅग हातात दिली नाहीत. मी भांडी घासायची, बिटं किसायची, कोबी चिरायचा, आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत म्हणायचं, "हाताला घाई आहे गं तुझ्या." पाहुणे आले की तुम्ही केक कापायचा आणि मी बशा द्यायच्या. तुमच्या भावाची गोळी कधी मी दिली तर तुम्ही नंतर जाऊन पाकिटातल्या गोळ्या मोजायचात. मला दिसत नव्हतं असं वाटत होतं का तुम्हाला?

तर ऐका, घाईबाईंनी काय केलं ते. पहिल्या दिवशी कोको दुप्पट घातला. झाला चॉकलेटी. दुसऱ्या दिवशी काळ्या द्राक्षांचा रस आटवून घातला, तर ओल्या सिमेंटसारखा. मग आठवलं की जांभळ्या कोबीच्या पाण्यात सोडा घातला की ते निळं होतं, निळ्याने चॉकलेटी रंग दबतो. सोडा जरा सढळ पडला. आयसिंग शेवाळासारखं हिरवं झालं आणि चव साबणाची. म्हटलं, चांगलं फेटून बघू. जेवढं फेटलं तेवढं ते पांढरट होत गेलं. तीन पाव लोणी वाया गेलं. तुमच्या नावाने बोटं मोडली, तीही दोन्ही हातांची.

आणि मला काळा जमत नाही असं समजू नका. गेल्या मार्चमध्ये ड्रायव्हिंग स्कूलला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा टायरचा केक कोणी केला होता? तुमचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं, तुम्ही खोलीत पडून होतात, सगळं एकटीने केलं मी. काळा कुळकुळीत. लोकांनी हात लावून पाहिला, रबर आहे का म्हणून. पाच दिवस मी रोज सकाळी थोडं थोडं करून बघत होते आणि तुमचा भाऊ स्वयंपाकघरात उभा राहून भांडं चाटत होता. "ताईपेक्षा काळा झालाय," म्हणाले. ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

हल्ली मी त्यांना भांडं चाटू देत नाही.

ते बरे आहेत. काठी घेऊन चालतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून फोन घेतात, कुणाची परीक्षा कधी, कुणाची गाडी कोणती. खिडकीतून शिकाऊ पोरं गाडी मागे घेताना दिसली की ह्यांचा पाय खालच्या फरशीवर दाबला जातो, ब्रेक असल्यासारखा. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं.

कृती पाठवा. टोमणे मारायचेच असतील तर पाकिटात घालून मारा.

भावजय

१५ फेब्रुवारी

वन्सं,

चार पानं मिळाली. पाकिटातून. आभार मानते, मानायला लागतात.

अशी कृती मी जन्मात वाचली नाही. "काळा कोको दोनदा चाळ. उकळत्या पाण्यात कालव, कोमट नाही. लापशीसारखा झाला की पूर्ण गार होऊ दे, पूर्ण म्हणजे पूर्ण." "द्राक्षांचा रस चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत आटव." "कोबीच्या पाण्यात सोडा चिमूटभर. चिमूट माझी, तुझी नाही." "सगळं लोण्यात गेलं की त्यातला चौथा हिस्सा काढून वितळव आणि परत घाल, त्याने रंग खोल जातो." "फेटायचं नाही. लाकडी चमच्याने दाबत हलवायचं. हवा शिरली की रंग फिका पडतो." आणि मग ते तुमचं तीन दिवसांचं. "झाकण लाव आणि तीन दिवस उघडू नकोस. रंग आपोआप चढतो. तू नुसती बघत बसलीस तरी चढेल, पण तू नुसती बघत बसत नाहीस."

एवढं सगळं तुम्ही मला समोर उभं करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दार लोटून का घेत होतात? मी काय तुमचं दुकान पळवून नेणार होते?

शेवटच्या पानावर खाली विचारलंय: "टायरचा केक तू रोज सकाळी करून बघत होतीस, म्हणजे तीन दिवस ठेवलं नाहीस. तो काळा कशाने केलास?"

कोकोने. आणखी कशाने? एखादीच्या हाताला जमतं.

काल सकाळी तुमच्या कृतीने करायला घेतलं. पानं ओट्यावर पसरली होती, डब्यांनी दाबून. हे अंघोळ करून आले ते सरळ ओट्यापाशी. चष्मा नव्हता, तरी वाकून बघत राहिले. "हे अक्षर ताईचं आहे."

मी म्हटलं, "जुनी पानं आहेत, कपाटात सापडली."

"बरं," म्हणाले. एक पान उचललं, परत होतं तसं ठेवलं, त्यावर डबाही ठेवला. मग चहा न घेता बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला त्यांचा राग आला. तुमचा तर येतोच, तो काही नवा नाही. पण त्यांचा आला, कारण ते काही विचारत नव्हते.

झाकण लावलंय. मंगळवारी उघडेन.

भावजय

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. म्हणजे कोकोवर विश्वास बसलेला नाही. बसणार कसा? काळा कोको कसा वागतो ते तुमच्याइतकं कोणाला माहीत!

मंगळवारी झाकण उघडलं. काळा झालाय. काठाने थोडा निळसर, मधे असा की चमचा बुडवला तर चमचा दिसेना. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. आनंदाने नाही. चरफडून. तीन दिवस झाकून ठेवायचं, एवढंच होतं ते. एवढंच.

फार्मासिस्टबाई नमुना चाखून गेल्या. खूश झाल्या. जाताना मात्र तेच पुन्हा म्हणाल्या जे ऑर्डर देताना म्हणाल्या होत्या, तीस जानेवारीला. तेव्हा मी हसत म्हटलं होतं, "काळ्यासाठी आम्ही चारकोल घालतो, तोही नैसर्गिकच." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, आमच्या क्लबात निम्मे म्हातारे. कुणाला हृदयाची गोळी, कुणाला रक्तदाबाची. विष प्यायलेल्या माणसाला हॉस्पिटलात हाच चारकोल पाजतात, पोटातलं शोषून घ्यायला. विष कोणतं आणि औषध कोणतं हे त्याला कळत नाही. गोळीवर हा केक खाल्ला तर गोळी पोटातच वाया जाते."

मी विचारलं, "फिटची गोळी?"

"तीही," म्हणाल्या. "ती तर नक्की."

घ्या. तुम्हाला हवं होतं ना उत्तर? टायरचा केक मी चारकोलने काळा केला. मोठा डबाच आणला होता, मूठमूठ घालत होते. मला तुमचा तीन दिवसांचा काळा येत नव्हता आणि तुम्हाला विचारायचं नव्हतं. तुमचं प्लॅस्टर निघायच्या आत मला तुमच्यासमोर तो टायर ठेवायचा होता. तुम्ही सातला त्यांना गोळी देत होतात. सव्वासातला ते माझं भांडं चाटत होते. पाच दिवस. सहाव्या दिवशी जिना.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की औषध जवळपास नाहीच. विचारलं, "गोळ्या कोण देतं?" मी तुमच्याकडे बोट दाखवलं. ते मी मनापासून दाखवलं होतं, वन्सं. तुम्ही विसरलात असंच मला वाटलं. मनगट दुखत होतं, झोप लागत नव्हती, विसरला असाल. तुम्ही शपथा घेत होतात, पाकिटातल्या गोळ्या मोजून दाखवत होतात आणि मी म्हणत होते, बेसिनमध्ये टाकल्या असतील. मग हॉस्पिटलात त्यांनी तुम्हाला जा म्हटलं आणि तुम्ही तोंडातून अक्षर न काढता गेलात. मी तुमच्या डोक्यावर खापर फोडलं, पण तीस जानेवारीपर्यंत ते खरं मानून फोडलं होतं. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र मी मूग गिळून बसलेय. कृती मागायच्या निमित्ताने तुमच्या दारात येऊन उभी राहिले आणि वर टोमणेही मारले.

त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मला तुम्ही आवडत नाही. ते यानंतरही बदलायचं नाही. पण तुम्ही गोळी चुकवली नव्हती.

भावजय

२२ फेब्रुवारी, सकाळी

वन्सं,

परवाचं पत्र टाकलं नव्हतं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आज नाश्त्याच्या वेळी ते त्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि समोर बसले. मी उठून गेले असते तर परत आले नसते.

त्यांनी सावकाश वाचलं. मधे एकदा पाणी प्यायले. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी वाट बघत होते की आता ओरडतील, बशी फेकतील. तर म्हणाले, "चारकोलचं तुला काय माहीत असणार? आणि भांडं मी चाटलं. तू काही भरवत नव्हतीस." एवढं सरळ बोलले. मी टेबलावर डोकं ठेवलं. वाटलं, सुटले.

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आणि हे काय लिहिलंयस? मी ताईला जा म्हटलं?"

मी वर बघितलं.

"मी कधी म्हटलं? माझं तर तोंड तारांनी बांधलेलं होतं. तू सांगितलंस की ताई न सांगता निघून गेली. फोनही घेत नाही."

वन्सं, तुम्हाला एक सांगितलं होतं आणि त्यांना दुसरं. अकरा महिने मी डोळ्यांत तेल घालून ती दोन्ही वेगळी सांभाळली. परवा मात्र खरं लिहायला बसले आणि तुमच्यासाठीचं खोटं सवयीने मधे लिहून गेले. मग तोच कागद स्वतःच्या हाताने त्यांच्यापुढे ठेवला. तुमच्या भाषेत, हाताला घाई.

आता जे झालं ते असं. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी खुणेने कागद मागितला. माझ्या पर्समध्ये ऑर्डरचं पॅड होतं. त्यावर त्यांनी लिहिलं, "ताईला आत पाठव. तिने गोळी चुकवली नाही. ती घाबरली असेल." मला वाटलं, बहिणीला पाठीशी घालतायत. मी तो कागद घेऊन बाहेर आले. तुम्ही कॉरिडॉरमध्ये बाकावर होतात, प्लॅस्टरचा हात मांडीवर, दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट. मला बघून उठलात. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "ते म्हणतात, घरातून जा. तुमचं तोंड बघायचं नाही त्यांना."

हे मी विसरून गेले असं म्हणता येणार नाही, आणि ह्यात चारकोलचाही काही संबंध नाही. त्यांचा एवढा मोठा अपघात झाला आणि शुद्धीवर आल्यावर पहिला कागद तुमच्यासाठी होता. मी चोवीस तास त्या पलंगाशी उभी होते. माझ्यासाठी एक अक्षर नव्हतं. तुम्ही जिना उतरून गेलात तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको.

सगळं त्यांना सांगून झालं. मग म्हणाले, "मला वाटायचं, मी अपंग झालो म्हणून ताई गेली. सांभाळायला लागेल म्हणून." मी म्हटलं, "अहो, असं कसं..." त्यांनी हात वर केला, तेवढ्यावर मी थांबले.

आता ते बूट घालतायत. पाय वाकत नाही, खुर्चीवर बसून घालावे लागतात, आज मला हात लावू दिला नाही. तुमच्याकडे निघालेत. बसने, एकटे. मी येते म्हटलं तर दुसरा बूट ओढून घेतला. दोन्ही पत्रं मागितली आहेत, म्हणून हे घाईने संपवतेय. त्यांनी विचारलं, "दार उघडेल का ती?" मी म्हटलं, उघडतील. मला काय माहीत? पण म्हटलं.

दारात आल्या आल्या ते तुमची माफी मागतील. अकरा महिने शोधलं नाही, विश्वास ठेवला, वगैरे. ती मागू देऊ नका. त्यात त्यांचं काही नाही, ते सगळं माझं आहे. आणि मला मागता येत नाही. आत्ताही लिहिताना तुमचा राग येतोय, की तुम्ही एकदाही त्या खोलीचं दार ढकलून आत का नाही शिरलात. शिरला असतात तर माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं.

क्लबचा केक मी करेन. तुमच्या कृतीनेच.

बस पावणेदहाची आहे. त्यांनी लहान बॅग भरलीये. मला वाटलं, रात्रीपर्यंत परत येतील, म्हणून विचारलं, जेवायला काय करू. बॅगेची चेन उघडी होती. आत चार शर्ट आहेत आणि तीन महिन्यांच्या गोळ्या.

भावजय